नऊ वाजता पांढरी पडलेली मुळं

माझ्या गॅलरीत ऑर्किडच्या बावीस कुंड्या आहेत. सगळी लहान जातीची झाडं. सर्वांत उंच वीतभर, सर्वांत छोटं माझ्या करंगळीएवढं. नागपुरात ऑर्किड लावणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ज्या झाडांना बारा महिने ओलसर हवा लागते, ती पंचेचाळीस अंशांच्या गावात आणायची, वर हिरवी जाळी बांधायची, कूलरच्या आसऱ्याला ठेवून कशीबशी जगवायची, आणि वर्षाकाठी चार फुलं आली की शेजारणींना बोलावून दाखवायची. मी शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर कोणावर तरी हुकूम चालवायची सवय मोडेना, म्हणून बहुधा ही झाडं आणली. झाडं उलट उत्तर देत नाहीत.

ऑर्किडला पाणी कधी घालायचं हे माती बघून कळत नाही, कारण कुंडीत माती नसतेच. कोळशाचे नाहीतर नारळाच्या शेंड्यांचे तुकडे असतात आणि त्यातून मुळं वळवळत बाहेर आलेली असतात. ती मुळं बघायची. कोरडी असली की पांढरट दिसतात, पाणी पडलं की मिनिटभरात हिरवी होतात. माणसाला विचारावं लागतं, झाडाचं मूळच सांगतं, असं मी सगळ्यांना ऐकवायचे. आता ऐकवत नाही.

दादा माझ्याकडे राहायला आला तो गेल्या वर्षी फेब्रुवारीत. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. उमरेडजवळच्या कोळशाच्या खाणीत त्याची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन तो घरी बसला, नातवंडं खेळवायला लागला, आणि पाच-सहा वर्षांत साखर आणि रक्तदाब या दोघांनी मिळून त्याच्या किडन्या संपवल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागेल असं ठरलं. रामदासपेठेतला दवाखाना माझ्या घरापासून ऑटोनं दहा मिनिटांवर. दर खेपेला उमरेडहून एसटीनं येणं-जाणं त्याला झेपलं नसतं. वहिनीला तिकडून निघता येत नव्हतं, कारण मुलगा-सून दोघंही नोकरीवर आणि दोन लहान नातवंडं तिच्या एकटीवर. मग मीच म्हटलं, माझ्याकडे राहू दे. मला घरात कोणाची परवानगी काढायची नव्हती.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं. औषधं आणि मशीन आम्ही बघू, म्हणाले, पाणी तुम्ही बघा. त्याची लघवी जवळजवळ बंद झाली होती. जे पोटात जाईल ते पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच साठणार. आधी पायांवर सूज, मग छातीत पाणी, मग हृदयावर ताण. दिवसाला पाऊण लिटर, त्यात सगळं आलं, असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि पथ्याचा एक छापील कागद हातात दिला. मी मान डोलावली. असली कामं मला चांगली जमतात, असं तेव्हा वाटलं.

मी पाऊण लिटरची एक बाटली आणली. सकाळी ती भरून त्याच्या उशाशी ठेवायची. गोळ्या, चहा, तहान, सगळं त्या बाटलीतून. चहा करायचा तरी त्यातलंच अर्धा कप पाणी काढून घ्यायचे. दादानं कधी कुरकूर केली नाही. उन्हाळा चढायला लागला तसे त्याचे ओठ फुटले, जीभ जड झाली. तो लवंग चघळायचा, ओला रुमाल तोंडावर पसरून पडून राहायचा. कोरडी पोळी त्याच्या घशाखाली उतरेना, म्हणून मी दोन्ही वेळा त्याला वाडगाभर पातळ वरण करून द्यायचे. त्यात पोळी कुस्करून तो जेवायचा आणि वाडगा पुसून ठेवायचा. तेवढं त्याचं जेवण बघून मला बरं वाटायचं.

माठ मी स्वयंपाकघरातून उचलून माझ्या खोलीत नेला, त्याला दिसू नये म्हणून. त्याच्यासमोर मी स्वतःही पाणी प्यायचं सोडलं. तहान लागली की खोलीत जाऊन, दार लोटून, आवाज न करता प्यायचे. एकदा बाहेर आले तर तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"पे ना वं बाई," तो म्हणाला. "माह्यासाठी तू काहून वाळून राहिली?"

आमच्याकडे धाकट्या बहिणीला बाई म्हणतात. साठीची झाले तरी त्याच्या तोंडून ते ऐकलं की मी दोन वेण्यांची होते. मी कॉलेजसाठी पहिल्यांदा नागपूरला निघाले तेव्हा माझी पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन तो स्टँडपर्यंत आला होता, आणि एसटीच्या खिडकीशी उभं राहून म्हणाला होता, कोणी काही म्हटलं तं मले सांगजो. त्या वेळी सांगण्यासारखं काही घडलं नाही. पुढं जे घडलं ते त्याच्याच बाबतीत, आणि ते मीच केलं.

दवाखान्याचे दोन दिवस सोडले तर त्याला काम नव्हतं. जन्मभर पाळीवर गेलेला माणूस. तो पंख्याकडे बघत बसायचा, मग खिडकीशी जायचा, मग परत पंख्याकडे.

"तुह्या घरात तं हाकलाले माशीबी येत नाही," तो एकदा म्हणाला. "काही काम सांग."

मार्चमध्ये मी कुंड्या बदलायला काढल्या. आदल्या पावसाळ्यात नारळाच्या शेंड्यांनी पाणी धरून ठेवलं होतं आणि पाच झाडांची मुळं सडली होती. म्हणून या खेपेला शेंड्या अजिबात नकोत, नुसता लाकडी कोळसा घालायचा, असं मी ठरवलं. बाजारातून पोतं आणलं, गॅलरीत जुनी चादर पसरली आणि दादाला हातोडी देऊन बसवलं. सुपारीएवढे तुकडे कर, लहान करू नकोस, मोठ्यांमध्ये हवा खेळते, असं मी फर्मान सोडलं.

त्यानं एक तुकडा उचलून हातावर तोलला. "हा कोळसा हाय का? फुकला तं उडून जाईन."

"झाडाला तोच लागतो."

"जन्मभर कोळसाच केला. वाटलं, आता सुटलो." तो हसला आणि फोडायला लागला.

त्याच्या डाव्या हाताला डायलिसिससाठी शीर जोडलेली होती, त्या हातावर जोर द्यायचा नव्हता. तो उजव्या हातानं टकटक करत एकसारखे तुकडे पाडायचा. मी फोडले तर निम्मी भुकटी होते. त्याच्या हातून भुकटी पडतच नव्हती. मग आम्ही एकेक झाड कुंडीतून काढून जुनी मुळं साफ करायला घेतली.

"मेलं कोणतं आन् जितं कोणतं, कसं ओळखाचं?"

"दाबून बघ. भरीव लागलं तर ठेव, पोकळ लागलं तर काप."

त्याला ते कापणं जमेना. प्रत्येक मूळ चिमटीत धरून तो माझ्यापुढं करायचा आणि विचारायचा, हे पाह्य, हे कापू का? बावीस झाडांची शेकडो मुळं. मी वैतागले आणि म्हटलं, दादा, तुझं तू ठरव. मग त्यानं एकट्यानं चार दिवस लावून ती सगळी साफ केली. एकही जिवंत मूळ त्यानं चुकून कापलं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे.

आमच्या नळाचं पाणी जड. कुंडीला पांढरा थर चढतो आणि त्या क्षारांनी ऑर्किडचं मूळ करपतं. म्हणून झाडांना मी फिल्टरचं पाणी घालते. हे ऐकून दादा म्हणाला, "याइले मीठ चालत नाही, पाणी जास्त झालं तं सडतात. म्हणजे हे आन् मी, एकाच डॉक्टरचे पेशंट दिसून राहिलो." त्या दिवशी आम्ही दोघंही खूप हसलो. या घरातलं ते शेवटचं मोठ्यानं हसणं असेल.

पाणी घालायचं काम त्यानंच मागून घेतलं. सकाळी साडेसहा ते नऊ मी गल्लीच्या टोकाला एका घरी दहावीच्या मुलींची शिकवणी घेते. तेवढा वेळ तो एकटा असायचा. मी संध्याकाळी दोन लिटरचा जग फिल्टरच्या पाण्यानं भरून गॅलरीत ठेवायचे, आणि मी बाहेर पडले की तो एका लहान पेल्यानं प्रत्येक कुंडीला पाणी घालायचा. दोन लिटर पिण्याचं पाणी त्याच्या हाताशी ठेवताना मनात काही आलं नाही, असं म्हणणार नाही. पण त्याचा चेहरा बघून मी ते बाजूला सारलं. पंधरा दिवसांत त्याची चाल बदलली होती. दवाखान्यातल्या मुलींना तो सांगायचा, मी बावीस झाडं सांभाळतो.

मे महिन्यात वजन वाढायला लागलं. दोन डायलिसिसच्या मधे फार तर दोन किलो वाढलेलं चालतं. त्याचं साडेतीन भरलं. मशीनवरची मुलगी मला म्हणाली, "मॅडम, काका पाणी जास्त पिऊन राहिले." दादा पलंगावर पडल्या पडल्या म्हणाला, "नाही वं पोरी." ती हसून दुसऱ्या पेशंटकडे गेली. येताना ऑटोत मी हिशेब करत होते. बाटलीतलं पाणी तर मी रोज माझ्या डोळ्यांनी बघत होते. मग साडेतीन किलो आलं कुठून?

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता शिकवणीहून परतले आणि चपला न काढता गॅलरीत गेले. जग रिकामा होता. आणि बावीसच्या बावीस कुंड्यांची मुळं पांढरी.

मला एकदम सगळं उमगलं, असं वाटलं. परीक्षेत पोरांची कॉपी पकडायचे तेव्हा असंच व्हायचं. एक प्रकारचा आनंद व्हायचा. हे लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी तसा आनंद झाला होता. सापडलं, असा.

दादा आत बाजेवर बसून रुमाल ओला करत होता.

"दादा, जगातलं पाणी कुठं गेलं?"

"झाडाले घातलं."

"कधी?"

"तू गेली अन् लगेच. रोज घालतो तसं."

"मुळं कोरडी ठणठणीत आहेत."

तो उठून गॅलरीत आला. त्यानं एका कुंडीत बोट घातलं, मुळं चाचपली. त्यालाही काही कळलं नाही, हे मला दिसलं. ते मी घाबरणं समजले.

"मी नाही पेलो वं बाई," तो म्हणाला.

मी म्हटलं, "तेहतीस वर्षं पोरं मला हेच सांगत आली."

तो आत जाऊन बाजेवर बसला. त्यानं शपथ घेतली असती, चिडला असता, तर कदाचित मी थांबले असते. पण तो गप्प बसला, आणि मी ते गप्प बसणं कबुलीजबाबात धरलं.

त्याच दिवशी त्याच्यासमोर मी उमरेडला फोन लावला. वहिनी, दादा चोरून पाणी पितो आहे, झाडांचं पाणी पितो आहे, जरा समजाव त्याला, असं मी म्हणाले. फोन त्याच्या कानाला लावला. तो फक्त हो, हो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून जग माझ्या खोलीत माठाशेजारी गेला आणि मी नऊ वाजता आल्यावर स्वतः पाणी घालायला लागले. तो गॅलरीतल्या खुर्चीत बसून बघायचा. माझ्यासमोर घातलेल्या पाण्यानं मुळं लगेच हिरवी व्हायची, आणि मी त्याच्याकडे एक नजर टाकायचे. मग मी घरात कामाला लागायचे. परत जाऊन मुळं बघायचं काही कारण नव्हतं.

पुढच्या खेपेला वजन तीनच्या वरच. आता जग नाही, माठ नाही, तरी वजन वाढतं. इथं तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती. मी विज्ञानाची बाई. पण मी म्हटलं, म्हणजे बाथरूममधल्या नळाचं पितो. मग मी त्याला सांगितलं, आंघोळीला जाशील तेव्हा दाराला कडी लावू नकोस, नुसतं लोटून ठेव.

तो लोटून ठेवायचा. सदुसष्ट वर्षांचा माणूस. मी बाहेर कणीक मळत बसायचे आणि पाण्याचा आवाज ऐकायचे. मधे थांबला की विचारायचे, "झालं का गा दादा?" आतून तो म्हणायचा, "होऊन राहिलं." एकदा त्याला यायला उशीर झाला तर मी दार ढकलून बघितलं. तो टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसला होता, पायांवर हात फिरवत. पाय सुजून तकतकीत झाले होते. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी दार परत लोटलं.

असे पाच-सहा आठवडे गेले. या काळात मी त्याच्याशी वाईट वागले असं कोणी म्हटलं नसतं. औषधं वेळच्या वेळी, जेवण गरम, वरणाचा वाडगा दोन्ही वेळा. फक्त माझा त्याच्यावर विश्वास नव्हता, आणि ते त्याला रोज कळत होतं. झाडांबद्दल तो नंतर कधी बोलला नाही. दवाखान्यातल्या मुलीनं एकदा विचारलं, काका, तुमची झाडं कशी आहेत? तो म्हणाला, बाईची आहेत, चांगली आहेत.

जूनच्या शेवटी एका दुपारी त्याला श्वास लागला. छातीत पाणी भरलं होतं. दवाखान्यात नेलं, मशीन लावलं, नळी घातली. वहिनी मुलाला घेऊन उमरेडहून आली. शेवटी शेवटी डॉक्टर म्हणाले, कोणाला भेटायचं तर भेटून घ्या. तोंडात नळी असल्यानं त्याला पाणी पाजता येत नव्हतं. वहिनीनं बोट ओलं करून त्याच्या ओठांवर फिरवलं. दोन्ही ओठांवर, नळीच्या कडेकडेनं. आमच्या घरात आजवर गेलेल्या प्रत्येकाच्या तोंडात शेवटचं पाणी पडलं आहे. त्याच्या पडलं नाही.

तो गेल्यावर लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलं. बहिणीनं किती केलं, असंही म्हटलं. मी ते ऐकून घेतलं. मला रडू यायचं तेव्हा मी एक गोष्ट मनाशी धरायचे, आणि ती कोणाला सांगितली नव्हती. ती अशी, की एप्रिलभर, मेच्या सुरुवातीपर्यंत, मी शिकवणीला गेले की माझा भाऊ गॅलरीत उभा राहून थंडगार पाणी पोटभर प्यायला. मला फसवून प्यायला. त्या उन्हाळ्यात त्याला रोज दोन लिटर सुख मिळालं, आणि मला पत्ता लागेपर्यंत कोणी त्याचा हात धरला नाही. मी त्याला तेव्हा पकडलं याचं वाईट वाटायचं, पण तो प्यायला याचं बरं वाटायचं. वर्षभर त्या एका विचाराच्या आधारानं मला झोप लागत होती.

यंदा मे महिन्यात शिकवणीच्या घरी लग्न निघालं. चार दिवस सुट्टी. पहिल्या सकाळी साडेसहाला मी झाडांना पाणी घातलं, मुळं हिरवी झाली, आणि चहाचा कप घेऊन तिथंच खुर्चीत बसले. उन्हाळ्यात त्या वेळी घरी बसायची मला सवयच नाही. शाळेत होते तेव्हा सकाळची शाळा, आणि झाडं आणल्यापासून पाणी घालून शिकवणीला पळायचं. कूलर बंद होता. मी तो दहानंतर लावते. गॅलरी पूर्वेची. ऊन जाळीवर चढलं, गरम वारा सुटला. मी पेपर वाचला. सव्वाआठला सहज बघितलं तर मुळं फिकी पडली होती. नऊ वाजता सगळी पांढरी होती.

मी मग उठून एका कुंडीत बोट घातलं. कोळसा वरून कोरडा, आतूनही कोरडा. शेंड्या घातल्या होत्या तेव्हा एकदा घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत पुरायचं. गेल्या मार्चमध्ये त्या मी काढून टाकल्या. सुपारीएवढे तुकडे कर, हवा खेळू दे, असं मीच सांगितलं होतं. त्यानं अगदी तसेच केले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं आणि घड्याळ लावून बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेच. चौथ्या दिवशी बसायची हिंमत झाली नाही. कपाटाच्या खणातून तो पथ्याचा कागद शोधून काढला. त्यावर मी स्वतः पेननं रेघ मारलेली होती, पाऊण लिटरच्या खाली. तिच्याखालच्या ओळीत छापलं होतं, की चहा, ताक, कढी, पातळ वरण हे सगळं पाण्यातच धरावं. वाडगाभर सकाळी आणि वाडगाभर संध्याकाळी. मी स्वतःच्या हातानं त्याला रोज वाढत होते, वाडगा पुसून खाल्ला की खूश होत होते, आणि वजन का वाढतं म्हणून नळाचा आवाज ऐकत होते. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, त्यात सगळं आलं. मी मान डोलावली होती.

जो आयुष्यात कधी माझ्याशी खोटं बोलला नाही त्याला मी चोर ठरवलं, आणि तो तसाच गेला. मला वाटलं, निदान वहिनीला तरी हे कळलं पाहिजे. तिच्याकडे त्याची बदनामी मीच केली होती, ती मीच धुऊन काढली पाहिजे. त्याच्या पाठीमागे का होईना, त्याचं नाव साफ करायचं. दुसऱ्याच दिवशी मी उमरेडची एसटी धरली. वाटेत सारखी वाक्यं जुळवत होते. घाबरलेही होते, ती मला काय बोलेल म्हणून. पण बोलली तर बरंच, असंही वाटत होतं.

वहिनी ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसली होती. नातवंडं शेजारी खेळायला गेली होती. मला अचानक बघून ती उठली, पाण्याचा गडू आणला, मी घोटभर घेतलं. मग तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. कोळसा, ऊन, नऊ वाजता पांढरी पडलेली मुळं, वरणाचे वाडगे, लोटून ठेवलेलं दार. काही झाकून ठेवलं नाही. ती डाळ निवडत ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, "वहिनी, दादानं पाणी घेतलं नव्हतं. एक घोटही नाही. मी तुला फोनवर खोटं सांगितलं. तो शेवटपर्यंत खरं बोलत होता."

तिचा हात थांबला.  मी तिच्या रागाची वाट बघत होते.

"एक घोटबी नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

"मी तं त्याच गोष्टीवर जगून राहिली होती वं बाई," ती म्हणाली. "तुहा फोन आला त्या दिवशी मी तोंडानं त्याले रागावली, पण मनात म्हटलं, पे बाबा, चोरून का होईना, पे. तो गेल्यावरबी मले तेच वाटे. शेवटी त्याच्या तोंडात पाणी नाही पडलं, पण उन्हाळाभर पोटभर पेला तं. माणूस तहानलेला नाही गेला." तिनं पदरानं डोळे पुसले. रागाचा एक शब्दही ती बोलली नाही. "आता तू म्हणतं, तो एक घोटबी पेला नाही. हे मले कायले सांगतलं वं?"

मी तिच्याकडे माझ्यासाठी आले होते, हे मला तेव्हा कळलं.